जपानी देवाची अर्धी प्रदक्षिणा

गावाकडच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, ऑस्ट्रेलियात काय काय बघितलंस गं, आणि मला काय सांगावं तेच कळत नाही. त्यांना वाटतं मी रोज समुद्रावर जाते. मी बघितलंय ते आम्ही राहतो त्या पेंडल हिलचं स्टेशन, स्टेशनजवळची आपली दुकानं, आणि पॅरामॅटातली ऑफिसं, तीसुद्धा सगळे साहेब घरी गेल्यावर, कारण मी ती साफ करते. फिरायला म्हणून, डबा बांधून, गाडीत बसून मी या देशात एकदाच गेले. डोंगरात, जंगलात, एका जपानी देवाच्या देवळात. वसईच्या मार्थाताई आहेत इथं, त्या म्हणाल्या त्याचंच लिही, तिकडं आपलं कुणी गेलेलं नाही, आपल्या मंडळाच्या अंकात छापू. मी म्हणलं माझी शाळा नववीतनं सुटली, मला लिहायला येत नाही. तर म्हणाल्या, बोलतेस तसं लिही. म्हणून बोलते तसं लिहिते. मध्येच दम लागला तर समजून घ्या.

का गेलो ते आधी सांगायला पाहिजे.

माझा नवरा अमोल इथं स्टुडंट विसावर आला, कुकरीचा कोर्स करायला. गावात कुणी म्हणलं असतं की बीकॉम झालेला पोरगा स्वयंपाक शिकायला सातासमुद्रापार चाललाय तर लोक हसले असते, पण त्या वेळी सगळे हेच करत होते. पॅरामॅटात दुकानांच्या वर जिन्याजिन्यात कॉलेजं होती आणि जिन्यात सगळी आपलीच पोरं, पंजाबी, गुजराती, तेलुगू. कोर्स करायचा, काम करायचं, मग पीआर मिळणार, म्हणजे इथं कायमचं राहायचा परवाना. मी त्याच्या विसावर आले, पोटात सई घेऊन. सई इथंच झाली.

दोन खोल्यांच्या युनिटमध्ये आम्ही आणि एक गुजराती जोडपं, आणि हॉलमध्ये गादी टाकून एक पंजाबी मुलगा. अमोल सकाळी कॉलेजला, तिथनं रेस्टॉरंटला भांडी घासायला. मी संध्याकाळी ऑफिसं झाडायला, सकाळी कधी पॅकिंगची शिफ्ट. पाळणाघर आम्हाला परवडण्यातलं नव्हतं, स्टुडंट लोकांना सरकार त्यात काही देत नाही. म्हणून आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. व्हिजिटर विसावर आल्या, सईला सांभाळलं, आणि विसा संपत आला तेव्हा ठरलं की जाताना सईला घेऊन जायचं. पीआर झालं की आणायची.

कुणी ठरवलं? मला आठवत नाही कुणी ठरवलं. इथं सगळे तसंच करतात. गुजराती भाभीचा मुलगा नडियादला आहे. ती मला हिंदीत सांगायची, शुरू में रोना आता है, फिर काम में टाइम निकल जाता है. असं म्हणायची आणि फोनवरचा त्याचा फोटो पुसायची, काचेवर काही नसलं तरी.

तर विमानाचा आदला दिवस. शनिवार. आत्या म्हणाल्या, "तीन म्हैनं झालं, ह्या देशातला एक देव तरी दावा मला. निस्ती दुकानंच बघितली." अमोलनं सुट्टी काढली होती. पॅरामॅटाजवळचं आपलं देऊळ आत्यांनी बघितलं होतं, त्या म्हणायच्या तो आपलाच देव, विसावर आलेला, इथला नव्हं. मग मार्थाताईंनी हे जपानी देऊळ सांगितलं. लय जुनं आहे, डोंगरात आहे, शांत आहे. मार्थाताई स्वतः दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, पण म्हणाल्या, जाऊन ये, तिथं बसल्यावर बरं वाटतं. सईसाठी गाडीतली खुर्चीपण त्यांनीच दिली, त्यांच्या नातवाची.

मी मनात एक ठरवून निघाले होते. युनिटमध्ये भिंती पातळ, बोलायला जागा नाही, रडायचं तरी नळ सोडून. म्हणलं तिथं मोकळ्यात अमोलला एकदा बाजूला घेईन आणि सांगेन, सईला पाठवू नको. आणि देवालाही सांगेन. जपानी असला म्हणून काय झालं, देव आहे.

गाडीत

गाडी अमोलच्या मित्राची, एसी बंद. फेब्रुवारी म्हणजे इथं आपला मे महिना. आत्या पुढं, मी आणि सई मागं. मी सईला मांडीवर घ्यायला गेले तर अमोल म्हणाला, नाही, खुर्चीतच बांधायची, कायदा आहे, पोलिसांनी बघितलं तर विसाला लागेल. या देशात मला सगळ्यात जास्त भीती कशाची असेल तर या एका वाक्याची. विसाला लागेल. जोरात बोललं तर विसाला लागेल, शेजाऱ्यानं तक्रार केली तर विसाला लागेल. म्हणून तिला बांधलं. उद्या जाणारं लेकरू आणि मी त्याच्याशेजारी बसून नुसता त्याचा पाय धरलेला.

रस्ता गुळगुळीत, पोटातलं पाणी हलत नाही असं लोक सांगतात, पण डोंगर चढायला लागल्यावर सई ओकली. खुर्चीवर, माझ्या ड्रेसवर, मार्थाताईंच्या टॉवेलवर. अमोलनं गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडं नुसती उंच पांढरी झाडं, साली लोंबकळणारी, जशा फाटक्या चिंध्या. आपल्याकडं रस्त्यावर थांबलं की कुणीतरी येतंच, काय झालं पाहुणं, पाणी पाहिजे का. इथं कुणी नाही. गाड्या सूं करून जातात. फक्त पक्षी ओरडत होते, ते पण असे की कुणाचातरी गळा दाबतायत.

आत्यांनी सईचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "विमानात असं केलं तर काय करायचं रं अमोल?" तो म्हणाला एअर होस्टेस असतात. आत्या म्हणाल्या, "त्या काय माझ्या भैणी हायत व्हय." अमोल हसला. मी नाही हसले, कारण मला पण तेच विचारायचं होतं, आणखी पुष्कळ काय काय विचारायचं होतं.

थेपले भाभीनं करून दिले होते, आणि आमचा दहीभात आणि शेंगदाण्याची चटणी. गाडीतच खाल्लं. आत्यांचा शनिवार, त्यांनी केळं खाल्लं.

देवळात

मोठ्या रस्त्यावरनं कच्च्या रस्त्याला लागलो आणि मग एक लाकडी कमान दिसली. दोन खांब आणि वर दोन आडवे ओंडके, बस. कधीतरी लाल असणार, आता विटक्या कुंकवाचा रंग. आजूबाजूला भिंत नाही, दार नाही, नुसती कमान जंगलात उभी. आत्या म्हणाल्या देऊळ पडलं का काय. पण कमानीच्या आत दगडाच्या पायऱ्या होत्या, शेवाळ आलेल्या, त्या वर वर जात होत्या, आणि तिथं एवढं गार होतं की मला वाटलं कुणी फ्रिजचं दार उघडलं.

वर एक म्हातारी झाडत होती. जपानी, पाठीत वाकलेली, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी. लग्न करून इथं आली होती, गोऱ्या माणसाशी, लय वर्षांपूर्वी, आता एकटी होती आणि देवळाचं बघायची. तिचं इंग्लिश माझ्याएवढंच मोडकं, त्यामुळं मला पहिल्यांदाच इथं कुणाचं तरी इंग्लिश सगळं कळलं. अमोलला कमी कळलं. तिनं सांगितलं, जुन्या काळी एक जपानी व्यापारी इथं लोकरीच्या धंद्याला आला, डोंगर त्याला आवडला, म्हणून त्यानं त्याच्या गावाकडचं देऊळ सुटं करून जहाजातनं आणलं आणि इथं परत जोडलं. मग जपानशी लढाई आली, जपानी म्हणून त्याला धरून कैद्यांच्या कॅम्पात नेलं. तो परत इथं आलाच नाही. देऊळ राहिलं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी कुणी तोडलं नाही, पत्रा उडाला की बसवायचे. मी विचारलं, आणि त्याची बायकापोरं? म्हातारी म्हणाली, जपानमध्ये. ती काय आली नाहीत.

देवळाच्या आधी दगडाची एक कुंडी, त्यात पन्हाळीनं डोंगरातलं पाणी पडतंय आणि वर बांबूच्या पळ्या ठेवलेल्या. आत्यांनी पळी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, हां, तीर्थ आहे. उजव्या हाताच्या ओंजळीत घेतलं, पिलं, हात डोक्यावरनं फिरवला, मला दिलं, मी पिलं, सईच्या ओठाला लावलं. म्हातारी झाडू टाकून पळत आली. नो ड्रिंक, नो ड्रिंक, हँड, हँड! ते हात धुवायचं पाणी होतं. आधी डावा, मग उजवा, मग चूळ भरायची, आणि बाजूला थुंकायची. आम्ही सगळ्यांनी पाय धुवायचं पाणी तीर्थ म्हणून पिल्यासारखं केलं होतं. आत्या खजील झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "देवाच्या दारातलं हाय, काय व्हत न्हाय." आणि सईच्या पोटावरनं हात फिरवला.

कोल्हे होते दोन. दगडाचे, दाराशी बसलेले, आपल्याकडं नंदी असतो तसे, आणि दोघांच्या गळ्यात लाल लाळेरं बांधलेलं. खरंच लाळेरं, बाळाला बांधतो तसलं, नाडीचं. म्हातारी स्वतः शिवते म्हणाली. सईनं ते बघितलं आणि आपलं लाळेरं ओढून दाखवलं. त्या दिवशी एवढं एकदाच मी हसले.

आत मूर्ती नाही. दार बंद, पुढं गवताचा जाड दोर आणि त्याला पांढरे कागद दुमडून लावलेले. आत्यांनी पिशवीतनं उदबत्ती काढली, काड्यापेटी काढली, तर अमोलनं हात धरला. फायर बॅनचा बोर्ड होता खाली, या दिवसांत जंगलात काडी ओढली तर गुन्हा. नारळ फोडायचा म्हणल्यावर म्हातारी नुसतीच बघत राहिली. आत्या म्हणाल्या, "दिवा न्हाय, मूर्ती न्हाय, नारळ न्हाय. मग देवाला कळायचं कसं आपण आलोय ते?" अमोलनं म्हातारीला विचारलं. तिनं वर टांगलेल्या घंटेचा दोर ओढून ती वाजवली, दोनदा वाकली, दोन टाळ्या वाजवल्या, हात जोडले, परत वाकली. आत्या म्हणाल्या, बरं, एवढं तर येतंय. त्यांनी टाळ्या आरतीसारख्या वाजवायला घेतल्या, थांबेचनात. शेवटी नारळ तसाच अख्खा पायरीवर ठेवला.

मी डोळे मिटून सांगितलं. काय सांगितलं ते कळलंच असेल.

मग मी अमोलकडं बघितलं. तो बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता, रेस्टॉरंटमधनं फोन होता, आज रात्री कुणी आलं नाही, येतोस का. तो यस बॉस, यस बॉस म्हणत होता आणि दुसऱ्या हातानं मला खुणावत होता, एकच मिनिट. म्हातारीनं आम्हाला भात दिला, गोड पिशवीत भरलेला, तळलेल्या सोयाच्या पिशव्या, आत आंबट भात. आत्या म्हणाल्या त्यांना नको, पण वास घेऊन बघितला. मी खाल्ला. गोड पोळीत भात घातल्यासारखं लागतं. वाईट नाही. 

मागं

अमोल फोनवरच होता. आत्या पायरीवर बसल्या होत्या, सईच्या दुधाच्या बाटलीची पिशवी मांडीवर घेऊन. मी सईला कडेवर घेतलं आणि म्हणलं, प्रदक्षिणा घालून येते. आत्या म्हणाल्या, "घाल, जा. जोडीनं घालायची पर त्येला कुठला येळ."

मी डाव्या हातानं निघाले. देवळाच्या मागं वाट असते हे मला कुणी शिकवलं नाही. आपल्याकडं कसलंही बारकं देऊळ असू दे, मागनं वाट असतेच, लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेली. इथंही दिसली. बारीक पायवाट, देवळाच्या कोपऱ्यावरनं मागं जाणारी. मी तिच्यावरनं चालायला लागले, नाव घेत. मला वाटलं आता वळेल, आता उजवीकडं वळेल. ती वळलीच नाही. वर गेली, मग खाली गेली, नेचे गुडघ्याएवढे, मागं बघितलं तर देवळाचं छप्पर दिसेना.

तेव्हा मला कळलं की ही वाट देवळाभोवतीची नाही. जनावरांची असणार, कांगारूंची. आणि मी परत फिरले नाही.

हे मी आत्तापर्यंत फक्त मार्थाताईंना सांगितलंय. मी परत फिरले नाही, मी जोरात चालायला लागले. माझ्या डोक्यात एकच आलं, विमान उद्या दुपारी आहे. उद्या दुपारपर्यंत आम्ही दोघी सापडलो नाही तर विमान जाईल. बाकी काही नको. भांडण नको, कुणाला समजावणं नको, नुसतं विमान चुकू दे. खाली रस्ता लागेल, कुणीतरी गाडी थांबवेल, मी मार्थाताईंचा पत्ता सांगेन, केलीव्हिल, केलीव्हिल म्हणलं की कुणीपण नेईल. मी चालत होते आणि सईला सांगत होते, आपण मार्थाताईंकडं जाऊ, त्यांच्या नातवाची खेळणी आहेत, आणि सई माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती, तिला बरं वाटत होतं, गार वारा होता, तिला वाटलं फिरायला नेतेय आई.

किती चालले माहीत नाही. एक ओढा लागला. तिथं वाट संपली. पलीकडं नुसतं जंगल, आणि जंगलाच्या पलीकडं आणखी जंगल असणार. काही सळसळलं की मला साप वाटायचा, इथले साप लय विषारी, पॅकिंगमधल्या बायका सांगतात. मी एका दगडावर बसले. पायाला काहीतरी चिकटलं होतं, काळं, ओढलं तर लांबलं. जळू. माझ्या अंगावर काटा आला पण ओरडले नाही, सई भिली असती.

मग सईला भूक लागली. आधी कुरकुर, मग रडणं. पिशवी आत्यांच्या मांडीवर. माझ्याकडं काही नाही, ओढणीच्या टोकाला बांधलेलं एक बिस्किटसुद्धा नाही. आता एक सांगायचं राहिलंय. विमानाचा प्रवास लांबचा, आणि पुढं आई नाही, म्हणून आत्यांनी तिचं अंगावरचं तोडलं होतं. गावाकडनं येताना कडुलिंबाची पूड आणली होती, ती पाण्यात कालवून मला लावायला लावली. चार-पाच दिवस सई तोंड लावायची आणि वाकडं तोंड करून रडायची, मग विसरली. आत्यांचं काही चुकलं नाही. सगळ्या असंच करतात. माझ्या आईनं माझं असंच तोडलं असणार.

पण दूध पुरतं आटलं नव्हतं. तिथं दगडावर बसून मी तिला ओढणीखाली घेतलं. म्हणलं, घे. पूड नव्हती, काही नव्हतं, मी सकाळी आंघोळ केली होती. तिनं तोंड जवळ आणलं, वास घेतला, आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी मला लोटलं आणि मान फिरवली, आणि जिकडनं आलो तिकडं हात करून ओरडायला लागली, आजी, आजी. तेवढा एकच शब्द तिला नीट यायचा.

मी उठले आणि तिला घेऊन परत निघाले. दुधासाठी. दुसरं काही कारण नव्हतं.

येताना वाट दिसेना. सगळी झाडं सारखी. सई रडून रडून निळी पडायला लागली. मी देवाचं नाव घेत होते पण कुठल्या देवाचं घ्यावं तेही कळत नव्हतं. मग घंटा ऐकू आली. एकदा नाही, सारखी, थांबतच नव्हती, आमच्या गावच्या आरतीसारखी. मी त्या आवाजाकडं चालत गेले.

आत्या वाजवत होत्या. तो दोर दोन्ही हातांनी धरून, शनिवारचा उपास, घामानं भिजलेल्या, आणि म्हातारी शेजारी उभी राहून सांगत होती, वाजव, वाजव, थांबू नको. मला बघितल्यावर आत्या दोर सोडून खालीच बसल्या.  हात पुढं केले, सईला घेतलं, बाटली हलवली, तिच्या तोंडात दिली. सई गप झाली. असं की जणू कुणी बटण दाबलं.

अमोल खालच्या अंगाला शोधत होता, तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाला, पोलिसांना फोन लावत होतो मी, तुला कळतंय का. म्हातारीनं मला विचारलं कुठं गेली होतीस. मी बोटानं हवेत गोल काढून दाखवला, राऊंड, गॉड राऊंड. तिनं मान हलवली. म्हणाली, "बिहाइंड नो रोड. बिहाइंड माउंटन. माउंटन इज गॉड." त्यांच्यात देवाच्या मागं जात नाहीत. देऊळ म्हणजे नुसता पुढचा दरवाजा, मागचा सगळा डोंगरच देव. देवाला वळसा कसा घालणार.

तिथंच मी बोलले. आत्यांसमोर मी अमोलला अहोजाहो करते, तू म्हणत नाही. त्या दिवशी म्हणलं.

"अमोल, तू तिला पाठवू नको."

आत्यांनी वर बघितलं. अमोल माझ्या पायाकडं बघत होता, जळूच्या जागेवरनं रक्त येत होतं, थांबत नव्हतं.  मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "नाही पाठवत. सांग, सोमवारी कोण सांभाळणार?"

"मी."

"आणि तुझी शिफ्ट? शिफ्ट सोडली तर घर जातं. मी कॉलेज बुडवलं तर हजेरी जाते, हजेरी गेली की विसा. मी रोज रात्री हाच हिशेब करत असतो, वैशू. मला जमत नाही. तुला जमत असेल तर सांग, तू म्हणशील तसं करतो. खरंच करतो."

तो खरंच विचारत होता. मी सांगायला तोंड उघडलं. सकाळची शिफ्ट, संध्याकाळची शिफ्ट, भाभीला विचारू, पण भाभीलाही शिफ्ट. पंजाबी मुलगा. मार्थाताई लांब, त्यांचा स्वतःचा नातू. मी सगळीकडनं फिरून फिरून परत तिथंच आले. पक्षी ओरडत होते. म्हातारी परत झाडायला लागली होती.

आत्यांनी डब्याबरोबर आणलेल्या पुड्यातलं मीठ माझ्या पायावर दाबलं. मग म्हणाल्या, "पुरी झाली का प्रदक्षिणा?"

मी म्हणलं, नाही, अर्धीच.

"ऱ्हाऊ दे. ऱ्हायलेली मी घालीन घरी, हिला घिऊन." आणि सईच्या पाठीवर थोपटत राहिल्या. त्या रडत होत्या हे मला गाडीत बसल्यावर आरशात दिसलं.

आल्यावर

विमान वेळेवर सुटलं. ते काही सांगत नाही, ज्यांनी कुणाला सोडलंय त्यांना माहीत आहे. विमानतळावरनं येताना सईची खुर्ची गाडीतच होती, मी तिच्या शेजारीच बसले, पुढची जागा रिकामी होती तरी. दुसऱ्या दिवशी ती धुऊन मार्थाताईंना दिली.

आता दुकानात बोलतात की नियम बदलणार, कुकरीवाल्यांना पीआर नाही. अमोलच्या कॉलेजच्या जिन्याला मध्येच एकदा कुलूप होतं, मग उघडलं. काय होणार कुणाला माहीत नाही. तिकडं जायचं असेल तर एवढंच सांगते, देऊळ बघण्यासारखं आहे, उन्हाळ्यात काडीपेटी नेऊ नका, कुंडीतलं पाणी पिऊ नका, आणि मागं जाऊ नका.

सई तिकडं चालायला लागली. मला फोनवर कळलं. इथं दुकानात इंडियाचं कार्ड मिळतं, खरवडून नंबर दाबायचा, ते घेऊन मी शनिवारी फोन करते, कारण शनिवारी आत्या तिला घेऊन मारुतीच्या देवळात असतात. बारकं देऊळ आहे, गावाबाहेरचं, लहानपणी अमोल मुंज्यासारखा तिथंच फिरत असायचा. गेल्या शनिवारी आत्या म्हणाल्या, आता हात धरू देत नाही, एकटीच प्रदक्षिणा घालते, मी नुसती पायरीवर बसते. मी म्हणलं, आत्या, मागं गेली की दिसत नाही हो तुम्हाला. तर हसल्या.

"दिसत न्हाय, पर येती की फिरून. ही बघ, आत्ता गेली परत. थांब, आली की फोन देती."

मी थांबले. कानाला फोन लावून, ऑफिसच्या पॅसेजमध्ये, बादलीशेजारी. तिकडं कुणीतरी घंटा वाजवली. कार्डवाली बाई मध्येच बोलली की एक मिनिट राहिलंय. आम्ही दोघी देवळाच्या त्या कोपऱ्याकडं बघत होतो.

"आली का, आत्या?" मी विचारलं.

तेवढ्यात फोन तुटला.

आली असेल. आपल्या देवळाला मागनं वाट असते.